गुरुवारची पंगत

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "मॅडम, नोकरीतले अनुभव लिहा. फक्त फार रडकं नको. लोक अंक फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचतात." मी म्हटलं, "मग तर बरंच झालं. माझी अर्धी नोकरी ताटाभोवतीच गेली." त्यांना वाटलं, मी हॉटेलात होते.

हॉटेलात नव्हते हो. कोल्हापुरात मनोविकारांच्या एका खाजगी दवाखान्यात मी सोशल वर्कर होते. उचगावातून रोज स्कूटीवरून जायचे. सोशल वर्कर म्हणजे काय, हे आमच्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या शेजारणीला सांगायच्या, "आमची सून दवाखान्यात लोकांसंगं बोलती. त्येचा पगार देत्यात तिला." हसू नका. माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मलाही जमलेलं नाही. डॉक्टर पेशंटला तपासायचे, सिस्टर पेशंटला सांभाळायच्या, आणि पेशंटबरोबर आलेलं जे माणूस मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसलेलं असायचं, ते माझं.

आमच्याकडे नाना तऱ्हेचे आजार यायचे, पण माझ्या वाट्याला जास्त करून आला तो खाण्याचा आजार. माणूस खाणं कमी करत जातं आणि मग थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही. किंवा भसाभसा खातं आणि खाल्ल्याची धास्ती घेतं. बहुतेक पोरी, पण पोरंही असतात. ही थेरं नव्हेत, हट्ट नव्हे, आईबापांनी केलेले लाडही नव्हेत. आजार आहे, त्याला उपचार आहेत, वेळ लागतो, आणि माणसं बरी होतात. मी हे चार ओळींत उरकलं. घरच्यांच्या गळी उतरवायला महिने जायचे.

त्यात गाव कोल्हापूर! आमच्याकडं ताटावर आडवा हात धरला तर वाढणारा हातावर वाढतो. "नको" म्हणजे "अजून एकदा विचारा" असाच अर्थ. पावणा उपाशी गेला तर घराची अब्रू गेली. अशा गावात पोटची पोर ताट सारून उठते, तेव्हा आईला पोरीचा आजार दिसत नाही, आपली नापास झालेली माया दिसते. मग आग्रह, मग रडारड, मग शपथा, मग आदळआपट. पोर आणखी आक्रसते. घरातली बाकीची माणसं आधी आपसात भांडतात आणि मग गप्प होतात. या गप्प झालेल्या माणसांकडं कुणी बघतच नव्हतं.

मला हे दिसलं ते जिन्यात. दुपारी वरच्या मजल्यावर पेशंटचं जेवण असायचं. सिस्टर शेजारी बसून जेवू घालायच्या आणि तेवढा वेळ नातेवाइकांना वर बंदी. का, तर आईबाप समोर असले की प्रत्येक घास मोजला जातो आणि पोरीच्या घशाला कुलूप लागतं. मग ही मंडळी जिन्यात उभी राहायची, माना वर करून, वाटी वाजल्याचा आवाज ऐकत. एके दिवशी मी जिना चढताना एका बाईंना सहज विचारलं, "तुम्ही कधी जेवलात?" त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. हा प्रश्न आपल्यालाही कुणी विचारू शकतं, हे त्या विसरूनच गेल्या होत्या. शेजारच्या गृहस्थांना विचारलं, तर ते म्हणाले, "काल कवातर खाल्लं असंल की."

मी त्या सगळ्यांना गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेलं आणि सतरंजी टाकली. तो गुरुवार होता. तेव्हापासून दर गुरुवारी, पेशंटच्या जेवणाच्याच वेळेला, नातेवाइकांची पंगत. आमचे डॉक्टर भला माणूस, पण शिस्तीचा. वर येऊन म्हणाले, "मॅडम, ही खानावळ आहे का?" मी म्हटलं, "सर, खाली तुम्ही पेशंट बरा करताय. घरी गेल्यावर त्याला सांभाळणारं माणूस आधी उभं तरी राहायला पाहिजे की नको?" ते तापलेल्या पत्र्याकडं बघत खाली गेले. पुढच्या गुरुवारी मात्र पंखा बसवायला माणूस आला. अभिमानानं सांगते, सरांनी नोकरीभर माझ्याशी पुष्कळ वाद घातले, पण पंगतीवरून परत कधी नाही.

पंगतीचे नियम माझे. आपापला डबा आणायचा. दुसऱ्याच्या ताटात डोकावायचं नाही. आग्रह करायचा नाही. आणि पेशंटविषयी बोलायचं नाही, बोलायचं ते स्वतःविषयी. शेवटचा नियम ऐकून माणसं बावचळायची. "स्वतःविषयी काय बोलायचं? आमाला कुटं काय झालंय?" म्हणायची आणि मग कुणीतरी एकदम बोलायला लागायचं.

कबनूरचा सलीम असाच. पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. धाकट्या बहिणीला घेऊन यायचा. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं साधं बोलला तरी ओरडल्यासारखं वाटायचं. कितीतरी गुरुवार खाली मान घालून जेवला आणि एकदा त्याच आवाजात म्हणाला, "मॅडम, मला तिचा राग येतो! आजारी हाय, कळतंय मला. तरी राग येतो. भाऊ हाय का कोण हाय मी?" मग कोपऱ्यातल्या एक आजीबाई हळूच म्हणाल्या, "मला बी येतो रं बाबा, नातीचा." त्यांच्या पलीकडचे एक मास्तर म्हणाले, "मलाही." आणि काय सांगू, सगळी खोली हसायला लागली, डोळ्यांतून पाणी काढत हसली. राग येणं म्हणजे माया आटणं नव्हे, हे मी शंभरदा सांगितलं असतं तरी पटलं नसतं. सलीमनं एका वाक्यात पटवलं. जाताना मला म्हणाला, "आज डोक्यातला एक माग बंद पडल्यागत वाटतंय."

सगळे वर आले असं नाही. एक जुने पैलवान मुलाला घेऊन यायचे. ते फाटकापाशी बुलेटला टेकून उभे राहायचे. मी खाली जाऊन त्यांना बोलवायचे. "तुमचं चालू द्या मॅडम, मी हितंच बरा हाय," म्हणायचे. मुलगा सुधारला, पण पैलवान पार खचले, आणि शेवटपर्यंत त्यांनी त्या जिन्यावर पाऊल ठेवलं नाही. अजून त्या फाटकावरून गेले की वाईट वाटतं.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले त्या शांताक्का. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्यांची मेस. कामगारांचे डबे शांताक्का करायच्या आणि नवरा बसाप्पा टेम्पोतून पोचवायचे. माणसं लिंगायत, माहेर-सासर दोन्ही सीमेकडचं, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी. एकुलती एक लेक गिरिजा, आईला 'अव्वा' म्हणणारी, इंजिनिअरिंगला. वजन कमी करायच्या नादात सुरू झालं आणि मग तिच्या हातात राहिलं नाही. दवाखान्यात आणली तेव्हा जिना चढताना धापा टाकत होती.

शांताक्का पहिल्याच गुरुवारी भला मोठा डबा घेऊन आल्या. शाळूच्या पातळ भाकऱ्या, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. नियम सांगितले तर म्हणाल्या, "आग्रव करत न्हाई, नुसतं वाढतो." आमच्याकडच्या बायकाही 'करतो, वाढतो' असंच बोलतात. आणि खरंच, बाई पंगतभर वाढत फिरायच्या. सगळी खोली त्यांच्या वांग्यावर खूश. सलीम तर घरचा डबा आणायचाच बंद झाला. "तुम्ही बसा की अक्का," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मी मागनं खातो." ताटात डोकावायचं नाही हा नियम मीच केलेला, त्यामुळं मलाही बघता येईना. पण ताटच घेतलं नाही तर त्यात डोकावणार काय, हे माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

एका गुरुवारी दही वाढता वाढता शांताक्का भिंतीला धरून खाली बसल्या. हातातलं भांडं सतरंजीवर सांडलं. सिस्टरनी पाणी-साखर दिली, डॉक्टर धावत आले, सलाईन लागलं. बसाप्पा टेम्पो तसाच रस्त्यात लावून आले आणि दाराशी उभे राहून लहान पोरासारखे रडायला लागले. त्यांच्याकडून कळलं ते असं.

शांताक्कांनी घरच्या देवापुढं नवस बोलला होता. गिरिजा पोटभर जेवेपर्यंत भाकरीला शिवणार नाही. पोरगी सुधारली नाही, म्हणून भात सोडला. परत काही बिनसलं तर भाजी सोडली. आता चहा आणि केळ्यावर होत्या. एमआयडीसीतले एवढे कामगार या बाईच्या हातचं खाऊन ढेकर देत होते आणि बाई उपाशी.

"तुम्ही अडवलं नाही?" मी बसाप्पांना विचारलं.

"अडवतो कुटला? मीच च्या सोडलाय," ते डोळे पुसत म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. एकाच्या खाण्याच्या आजारासाठी सगळं घर खाणं सोडून बसलं होतं. बरं, यात वेडेपणा कुठं आहे? आपल्याकडं माया अशीच दाखवतात. शेजारणी शांताक्कांना डोळे भरून म्हणत असणार, आई असावी तर अशी. पण त्या पोरीचं काय होत असेल?

ते गिरिजानंच मला सांगितलं. शांताक्कांना सलाईन लावलेल्या खोलीबाहेर ती भिंतीला पाठ लावून उभी होती. म्हणाली, "मॅडम, घरी मी घास उचलला की अव्वा माझ्या हाताकडं बघते. दिवसातनं दहादा विचारते, जेवलीस काय, जेवलीस काय. मी जेवले तर तिला जेवायला मिळणार. मला माझाच घास गिळंना, त्यात तिचाही माझ्याच घशातनं जायचा. आणि आता ही पडली. म्हणजे तेही माझ्यामुळंच ना?" सिस्टर हळूच येऊन मला सांगून गेल्या, सकाळपासून गिरिजानं काही घेतलेलं नाही.

म्हणजे आता दोघी घसरणीला लागल्या होत्या. आई उठली नाही तर लेक उठणार नाही, आणि लेक जेवली नाही तर आई जेवणार नाही. गाठ अशी बसली होती की कुणीतरी मध्ये हात घातल्याशिवाय सुटणार नव्हती.

डॉक्टरांनी शांताक्कांना दमात घेतलं. मी गोडीत घेतलं. बाई शुद्धीवर येऊन कडक झाल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, देवाला दिलेला शब्द हाय. तुमची गोळी न्हवं, आज विसरली तर उद्या घ्यायला." मी म्हटलं, "अहो, तुम्हाला काही झालं म्हणजे?" तर म्हणाल्या, "मला हूं दे की. तिला काय हून्याय."

मग मी विचार केला, शब्द देवाला दिलाय, तर माझ्या शब्दानं तो सुटणार नाही. "तुमच्यात नवस कोण सोडवतं?" मी बसाप्पांना विचारलं. त्यांनी शांताक्कांच्या माहेरच्या गावातल्या मठाचं नाव घेतलं. तिथल्या स्वामीजींनीच दोघांचं लग्न लावलेलं. शांताक्कांना दवाखान्यातून सोडल्यावर त्या, बसाप्पा आणि मी टेम्पोतून निघालो. निघण्याआधी डॉक्टरांना सांगितलं तर ते चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या कामात बसतं?" मी म्हटलं, "सर, परत आल्यावर सांगते."

मठ लहानसा. स्वामीजी वयानं पुष्कळ, अंगावर साधी शाल, ओसरीवर शेंगा निवडत बसलेले. शांताक्कांनी पायावर डोकं ठेवलं, तर त्यांनी पहिलंच विचारलं, "एनवा शांता, ऊटा आतेन?" म्हणजे, काय गं शांता, जेवण झालं का? तिकडं कुणीही कुणालाही हेच विचारतं. पण शांताक्का खाली वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. मठात खोटं बोलायचं कसं? त्या हुंदके देऊन रडायला लागल्या.

बसाप्पांनी सगळं सांगितलं. स्वामीजी शेंगा निवडत ऐकत होते. मग म्हणाले, "शब्द मोडायचा न्हाई म्हणतीस? बरोबर हाय, मोडू नको. बदल."

"बदलाय येतंय?" शांताक्कांनी तोंड वर केलं.

"येतंय. पण सोडलेलं परत धरायचं तर त्येच्यापरास जड कायतरी सोडाय लागतंय."

शांताक्कांनी हात पुढं केले. "पाटल्या सोडतो. पायांत चप्पल घालायचं सोडतो."

"छे! ह्ये काय जड?" असं म्हणून स्वामीजी माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही हिला बघताय. हिला सगळ्यात जड काय जाईल?"

आता इथं मी थोडी फुशारकी मारणार आहे. आयुष्यात मोक्याच्या वेळी बरोबर उत्तर सुचायचं भाग्य फार वेळा लाभत नाही, मला त्या ओसरीवर लाभलं. मी म्हटलं, "गिरिजाला 'जेवलीस काय' विचारणं सोडायचं. 'अजून घे', 'किती खाल्लंस', हे सगळं त्यातच आलं. तिच्या ताटाकडं बघणंही सोडायचं."

शांताक्का ताडकन उठल्या. "मॅडम, आई हाय मी तिची! मग विचारू तरी काय?"

"काहीही विचारा. मेसवर काय झालं ते सांगा. टीव्हीवरच्या मालिकेत कोण मेलं ते विचारा."

"आन् ती जेवली न्हाई तर?"

"ते बघायला दवाखाना आहे, आणि बसाप्पा आहेत. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं जेवण तिला वाढायचं आणि शेजारी बसायचं, हे काम त्यांचं. तुम्ही तुमचं ताट घेऊन समोर जेवायचं. तुमचं काम फक्त जेवणं."

स्वामीजी हसायला लागले, शाल खांद्यावरून घसरेपर्यंत हसले. "शांता, ह्ये मातूर जड हाय गं. तुला जमंल काय? बघ. देवाला मी सांगतो." आणि शांताक्कांच्या डोक्यावर हात ठेवून कानडीत काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "चला, हुग्गी केल्या आज."

हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर. आम्ही मठाच्या पंगतीत बसलो. शेजारी शांताक्का, त्यांच्या ताटात भाकरी, पालेभाजी, हुग्गी. भाकरी मोडल्याचा आवाज आला. नंतर नाक ओढल्याचा. मी माझ्याच ताटाकडं बघत जेवले. नियम म्हणजे नियम. पलीकडं बसाप्पांनी मात्र वाढप्याला विचारलं, "च्या मिळंल काय वो हितं?"

परत आल्यावर डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हेच तर मी त्या बाईंना औषधाच्या भाषेत सांगत होतो." मी म्हटलं, "भाषा चुकली सर."

पुढचं सगळं सोपं झालं असं वाटत असेल तर तसं काही नाही. शांताक्का मला फोन करायच्या. "मॅडम, जीभ सळसळती वो. ती कालेजातनं आली की तोंडात त्येच येतंय. मग मागल्या दारात जातो आन् मांजराला विचारतो, जेवलीस काय. मांजर कंटाळलंय." एकदा तर पंगतीत ढसढसा रडल्या, म्हणाल्या, हा उपास पहिल्या उपासापेक्षा कठीण. सलीमनं त्यांना वाढलं त्या दिवशी. गिरिजाचंही वर-खाली चालूच होतं. एकदा परत दाखल करावं लागलं. पण शांताक्का पडल्या नाहीत. पोरगी खाली जेवायला बसली की आई गच्चीवर येऊन स्वतःचं ताट घ्यायची, मांडी ठोकून बसायची आणि जेवायची. बाकीचे बघून शिकायचे. मी कितीही भाषण केलं असतं तरी ते झालं नसतं.

आता मी निवृत्त आहे. माझ्या जागी एक हुशार मुलगी आली आहे, पण गुरुवारी नव्या माणसाला जिन्यातून वर आणायचं काम शांताक्का करतात. मेसची व्यवस्था लावून येतात. परवा गेले होते तर एका नव्या, बावरलेल्या बापाला सांगत होत्या, "बसा पावणं. हितं तुमच्या ताटात कोण डोकावत न्हाई." मला जी काही बढती, सत्कार, शाल-श्रीफळ मिळालं असेल ते एका बाजूला, आणि हे वाक्य एका बाजूला. माझी छाती त्या वाक्यानं फुगते.

पण त्याआधीचा एक फोन सांगायचा राहिला. मी नोकरीत होते तेव्हाचा. दुपारची वेळ, मी नुकताच डबा उघडला होता. पलीकडून शांताक्का. आवाज कापत होता.

"काय झालं अक्का?"

"मॅडम, मी सैपाकघरात भांडी लावत हुतो. काय सुदीक बोललो न्हाई, देवाशप्पत. गिरिजा आली. दारात हुबारली. आन् मलाच म्हणती, अव्वा, तू जेवलीस काय?"

मी डबा बाजूला ठेवला. "मग?"

"मग काय, म्हटलं, न्हाई अजून. तर म्हणती, मग वाढ की, बसूया."

फोनमधून मेसच्या बाहेरच्या टेम्पोचा आवाज येत होता. गिरिजानं किती खाल्लं, काय खाल्लं, मी विचारलं नाही. शांताक्कांनीही सांगितलं नाही. नाक पुसत एवढंच म्हणाल्या, "मॅडम, मी आज पोटभर जेवलो."